लाइट विंडोज मारल्यावर कॅमेरा गायब झाला? आधी काय पाहायचं, कुठे थांबायचं

दुकानात परत परत येणारा बिघाड कोणता म्हणून विचारलं तर मी हाच सांगीन. लॅपटॉप जुना, रॅम चार जीबी, आत हार्ड डिस्क, ओरिजनल विंडोज घरघर करत चालते, म्हणून कोणी भाच्यानं नाहीतर मित्रानं लाइट विंडोज, म्हणजे काटछाट करून हलकी केलेली विंडोज, मारून दिलेली असते किंवा यूट्यूबवर पाहून ते 'फालतू गोष्टी काढून टाका' वालं स्क्रिप्ट चालवलेलं असते. मशीन पळायला लागते, सगळे खूश. मंग काही दिवसांनी पोरीचा ऑनलाइन इंटरव्ह्यू निघते, नाहीतर भरतीच्या फॉर्मात लाइव्ह फोटो मागते, अन् तेव्हा पत्ता लागते. "दादा, लॅपटॉप तं मस्त पयते आता, पण कॅमेरा मेला वाटते."

मेलेला नसते. विंडोज बदलली तेव्हापासूनच कॅमेरा गेला असंल तर खुद्द कॅमेरा खराब निघणं कमीच, त्याच्यापर्यंत जाणारं काहीतरी कोणीतरी काढलेलं नाहीतर बंद केलेलं असते. म्हणून नवीन कॅमेरा घ्यायच्या आधी अन् लॅपटॉप खोलायच्या तर लय आधी खालचं सगळं क्रमानं करून पाहा, सुरुवातीच्या गोष्टीले एक रुपया लागत नाही.

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला तेव्हापासून हे प्रकरण वाढलं. विंडोज ११ ला टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) पाहिजे, अन् इंटेलच्या आठव्या पिढीच्या आधीचे बहुतेक प्रोसेसर मायक्रोसॉफ्टच्या यादीतच नाहीत, मंग लोक काटछाट केलेली विंडोज ११ शोधतात. त्यांचं चुकलं असं मी म्हणत नाही, दहा हजाराच्या सेकंडहँड लॅपटॉपवर दुसरं करणार काय.

आधी लक्षण पाहा, मंग हात लावा

"कॅमेरा चालत नाही" एवढ्यावरून काहीच समजत नाही. न चालण्याचे प्रकार आहेत, अन् प्रकारावरून अर्धं उत्तर तिथंच मिळते.

कॅमेरा अ‍ॅप उघडल्यावर 'आम्हाला तुमचा कॅमेरा सापडत नाही' असं येते अन् खाली कोडच्या शेवटी ४२४४ असते: विंडोजला कॅमेरा दिसतच नाही. ड्रायव्हर (विंडोजला कॅमेऱ्याशी बोलायला लागते ते सॉफ्टवेअर) नाही, बायोसमधून (विंडोजच्या आधी उठणारं, मशीनचं स्वतःचं सेटिंग) बंद आहे, किंवा वायर सुटली.

शेवटी ४२४३ असते: कॅमेरा आहे, पण दुसऱ्या कोण्या प्रोग्रामनं धरून ठेवला आहे.

बाजूचा लाइट लागते पण चित्र काळं: हार्डवेअर बहुतेक जिवंत आहे. शटर, नाहीतर सॉफ्टवेअर.

काळ्या नाहीतर करड्या पडद्यावर कॅमेऱ्याचं चिन्ह अन् त्याच्यावर आडवी रेघ: प्रायव्हसी बटण दाबलेलं आहे, बाकी काही नाही.

ब्राउझरमध्ये चालते पण मीटिंगच्या अ‍ॅपमध्ये नाही, किंवा उलटं: परवानगीचा घोळ.

कॅमेरा अ‍ॅपच सापडत नाही: हा तर बिघाडच नाही! काटछाट करणाऱ्यानं अ‍ॅप काढून टाकलं, कॅमेरा आपल्या जागी आहे. विंडोजच्या एलटीएससी (कंपन्यांसाठी काढलेल्या) आवृत्तीत हे अ‍ॅप मुळातच येत नाही. ब्राउझरमध्ये कोणतीही व्हिडिओ मीटिंग उघडून पाहा, नाहीतर व्हीएलसी असंल तर मीडिया मेनूत 'ओपन कॅप्चर डिव्हाइस' करून पाहा.

स्क्रीन मागे-पुढे केली की कॅमेरा येते-जाते: हे सॉफ्टवेअर नाही, ही बिजागरीतून जाणारी वायर आहे. खालचं काही करत बसू नका, सरळ शेवटच्या भागात जा.

अन् सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न, गेला कधीपासून? विंडोज मारल्यावर एकदाही चालला नाही, की चालला अन् मंग गेला? पहिल्यात बहुतेक काहीतरी काढलेलं असते, दुसऱ्यात काहीतरी बंद झालेलं असते. गिऱ्हाइकाला हे विचारलं की ते म्हणते "आठवत नाही", तरी विचारतोच.

हे सगळं चालते कसं

थोडक्यात सांगतो, कारण हे डोक्यात बसलं की पुढचा क्रम आपोआप समजते. लॅपटॉपमधला कॅमेरा बहुतेक वेळा आतून यूएसबीलाच जोडलेला असते, म्हणजे तो बाहेरच्या वेबकॅमसारखाच. विंडोज त्याला स्वतःजवळच्या यूएसबी व्हिडिओ ड्रायव्हरनं ओळखते, हा ड्रायव्हर एक्सपी सर्व्हिस पॅक २ पासून विंडोजच्या पोटातच येते, म्हणून साध्या वेबकॅमला सीडी लागत नाही. त्याच्यावर 'विंडोज कॅमेरा फ्रेम सर्व्हर' नावाची सर्व्हिस, म्हणजे मागे गुपचूप चालणारा प्रोग्राम, बसते, ती २०१६ च्या अ‍ॅनिव्हर्सरी अपडेटमध्ये आली, तिचं काम चित्र घेऊन अ‍ॅपपर्यंत पोचवायचं. त्याच्यावर प्रायव्हसीची परवानगी, अन् सगळ्यात वर तुमचं अ‍ॅप. नहराचं पाणी शेतात आलं नाही म्हणून कोणी धरण फुटलं म्हणत नाही, आधी आपल्या बांधावरचं गेट पाहते, मंग मागे मागे जाते. इथंही तसंच, अ‍ॅपपासून मागे जायचं.

फुकटातल्या गोष्टी

कॅमेऱ्यावर बोट फिरवा. हसू नका. थिंकपॅडसारख्या लॅपटॉपवर सरकवायचं बारीक झाकण असते, ते इतकं लहान असते की म्हाताऱ्या माणसाला दिसतच नाही. काही एचपी लॅपटॉपच्या बाजूला कॅमेऱ्याचा खटका असते, यूएसबी पोर्टजवळ, पिशवीत घालता काढता सरकून जाते. अन् आमच्याकडे खास म्हणजे टिकली. कॅमेऱ्यातून कोणी पाहते म्हणून घरच्या बाईनं टिकली चिटकवलेली, नंतर काढली तरी गोंद राहते, वर कापसाची बारीक धूळ बसते अन् चित्र धुरकट दिसते. चष्म्याच्या कपड्याला थोडं पाणी लावून पुसा, थिनर लावू नका, काचेवरचा थर जाते.

कीबोर्डवर वरच्या ओळीत कॅमेऱ्याचं चित्र असलेलं बटण आहे का पाहा, असंल तर एफएन सोबत अन् एफएन शिवाय दोन्ही दाबून पाहा. इथं लाइट विंडोजची एक गंमत आहे. काही मॉडेलमध्ये ही बटणं कंपनीच्या हॉटकी सॉफ्टवेअरशिवाय चालत नाहीत, अन् नवीन विंडोज मारली की ते सॉफ्टवेअर गेलेलं असते. म्हणजे जुन्या विंडोजमध्ये कोणी कॅमेरा बटणानं बंद केला असंल तर तो बंदच राहते अन् बटण दाबून काही होत नाही. कंपनीच्या साइटवरून तुमच्या मॉडेलचं हॉटकीवालं सॉफ्टवेअर टाका, मंग बटण दाबा.

मशीन रीस्टार्ट करा. शटडाउन नाही, रीस्टार्ट. फास्ट स्टार्टअप चालू असंल तर शटडाउन केल्यावर विंडोज पूर्ण बंद होतच नाही, अर्धी अवस्था डिस्कवर लिहून ठेवते अन् तीच परत उचलते, रीस्टार्टमध्ये मात्र खरोखर नव्यानं सुरू होते. "मी तर रोज बंद करतो" म्हणणाऱ्याचा कॅमेरा एका रीस्टार्टनं आलेला पाहिला आहे.

बाहेरचा वेबकॅम असंल तर एक्स्टेंशन वायर अन् हब काढून टाका, डेस्कटॉपच्या मागच्या पोर्टला थेट लावा. पुढचे पोर्ट आतल्या बारीक वायरनं जोडलेले असतात अन् जुन्या कॅबिनेटमध्ये ते ढिल्ले असतात. वेबकॅम दुसऱ्या कोणाच्या मशीनला लावून पाहणं हीसुद्धा दोन मिनिटांची गोष्ट आहे, पण लोक ती सगळ्यात शेवटी करतात.

४२४३ असंल तर मीटिंगचे सगळे अ‍ॅप, ब्राउझर, खाली घड्याळाजवळ लपून बसलेले प्रोग्राम बंद करा. काही अँटिव्हायरसमध्ये 'वेबकॅम प्रोटेक्शन' असते, तेही एकदा पाहून घ्या.

परवानग्या : इथंच निम्मे निघतात

सेटिंग्ज, मंग प्रायव्हसी, मंग कॅमेरा. इथं एक नाही, तीन खटके असतात अन् लोक एकच पाहून परत येतात. पहिला पूर्ण मशीनसाठी, दुसरा स्टोअरच्या अ‍ॅपसाठी, अन् तिसरा खाली गेल्यावर, 'डेस्कटॉप अ‍ॅप्सना कॅमेरा वापरू द्या'. क्रोम, झूम असे बाहेरून टाकलेले प्रोग्राम ह्या तिसऱ्यात येतात. तिन्ही चालू पाहिजे. तिथंच खाली यादीत कोणत्या प्रोग्रामनं कॅमेरा शेवटी कधी वापरला ते दिसते, कोण धरून बसलं आहे ते शोधायला ही यादी कामाची आहे.

ब्राउझरची परवानगी वेगळी असते. पत्त्याच्या पट्टीत डाव्या बाजूच्या चिन्हावर क्लिक करून कॅमेरा 'अलाउ' आहे का पाहा. साइटचा पत्ता एचटीटीपीएसनं सुरू होत नसंल तर ब्राउझर कॅमेरा देतच नाही, तिथं तुमच्या मशीनचा काही दोष नाही.

आता खरी गोष्ट. हे खटके करडे पडलेले असतील, दाबल्या जात नसतील अन् वर 'काही सेटिंग्ज तुमच्या संस्थेकडून सांभाळल्या जातात' असं लिहिलं असंल, तर समजून जा की स्क्रिप्टनं काम केलं. घरच्या लॅपटॉपला कोणती आली संस्था? 'प्रायव्हसी वाढवा' म्हणून ज्यावर टिक केली त्यानं कॅमेऱ्याची पॉलिसी 'नकार' करून ठेवली. काही स्क्रिप्टमध्ये परत उलटं करायचं बटण असते, ते असंल तर तेच वापरा, हातानं शोधण्यापेक्षा बरं.

नसंल तर रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या सगळ्या सेटिंगच्या वहीत, जावं लागते. लोकल मशीनच्या खाली सॉफ्टवेअर, पॉलिसीज, मायक्रोसॉफ्ट, विंडोज, अ‍ॅप प्रायव्हसी, असं आत जा, तिथं 'लेट अ‍ॅप्स अ‍ॅक्सेस कॅमेरा' नावाची, सगळे शब्द जोडून लिहिलेली नोंद दिसंल. किंमत २ असंल तर जबरदस्तीनं नकार, १ असंल तर जबरदस्तीनं होकार, ० असंल तर वापरणाऱ्याच्या मर्जीवर. ती नोंद काढून टाका अन् रीस्टार्ट करा. पण काढायच्या आधी त्या फोल्डरवर राइट क्लिक करून एक्सपोर्ट करून ठेवा, दोन सेकंद लागतात. रजिस्ट्री हा शब्द पहिल्यांदा ऐकून राहिले असाल तर इथं थांबा, कोणी जाणता माणूस बसवून करून घ्या. अन् लॅपटॉप खरंच ऑफिसचा, कॉलेजचा नाहीतर बँकेचा असंल तर ती पॉलिसी त्यांनी मुद्दाम लावलेली असंल, तिला हात लावू नका, त्यांच्या आयटीवाल्याला फोन करा.

सर्व्हिस

रनमध्ये (विंडोज अन् आर बटण सोबत दाबलं की येते तो डबा) सर्व्हिसेस डॉट एमएससी (services.msc) टाकून यादी उघडा. 'विंडोज कॅमेरा फ्रेम सर्व्हर' शोधा. ती चालू दिसली नाही म्हणून घाबरू नका, ती कॅमेरा उघडल्यावरच जागी होते. पाहायचं ते स्टार्टअप टाइप: 'मॅन्युअल' पाहिजे. 'डिसेबल्ड' असंल तर तिथंच गडबड सापडली, मॅन्युअल करा, ओके, रीस्टार्ट. तिच्यासोबत 'फ्रेम सर्व्हर मॉनिटर' अन् 'कॅपॅबिलिटी अ‍ॅक्सेस मॅनेजर' ह्यासुद्धा पाहा, ही दुसरी परवानग्यांचा हिशेब ठेवते.

"ह्या सर्व्हिस बंद करा, लॅपटॉप रॉकेट होते" अशा याद्या फिरतात त्यात फ्रेम सर्व्हर असतेच असते. कॅमेरा उघडल्याशिवाय जी चालतच नाही तिला बंद करून रॅम कुठून वाचणार हे मला अजून कोणी सांगितलं नाही.

तुमच्या मशीनच्या सर्व्हिसच्या यादीत फ्रेम सर्व्हर नावालाही नसंल तर ती आयएसओमधूनच (विंडोज मारायच्या मूळ फाइलमधूनच) कापलेली आहे. परत चालू करायचा प्रश्न उरत नाही. दुरुस्ती की नवी विंडोज, हे खाली येते.

डिव्हाइस मॅनेजर

डिव्हाइस मॅनेजर म्हणजे मशीनला जोडलेल्या सगळ्या भागांची विंडोजमधली यादी. तिच्यात 'कॅमेराज' किंवा 'इमेजिंग डिव्हाइसेस' ह्या नावाखाली पाहा. नसंल तर 'अदर डिव्हाइसेस' मध्ये पिवळं चिन्ह लागलेलं काही आहे का पाहा. त्याच्यावर दोनदा क्लिक केलं की कोड दिसते, तो लिहून घ्या.

कोड २२ म्हणजे कोणीतरी हातानं डिसेबल केलं, राइट क्लिक करून इनेबल करा. विंडोज ११ मध्ये हेच सेटिंग्जच्या ब्लूटूथ अँड डिव्हाइसेसमध्ये कॅमेराजच्या पानावरूनही करता येते.

कोड २८ म्हणजे ड्रायव्हर नाही. लाइट विंडोजवर हा लय दिसते. राइट क्लिक, अपडेट ड्रायव्हर, 'माझ्या संगणकावर शोधा', मंग 'यादीतून निवडू द्या'. यादीत 'यूएसबी व्हिडिओ डिव्हाइस' असंल तर तोच निवडा, बहुतेक साध्या कॅमेऱ्यांचं काम त्याच्यावरच भागते. यादीत तो नसंल तर कंपनीच्या साइटवर जाऊन लॅपटॉपच्या खालचा सिरीयल नंबर टाका अन् त्याच मॉडेलचा कॅमेऱ्याचा ड्रायव्हर घ्या. सोबत चिपसेटचा ड्रायव्हरही टाका. पण एक सांगून ठेवतो, विंडोजचा मूळ यूएसबी व्हिडिओ ड्रायव्हरच कापला असंल तर कंपनीचा ड्रायव्हरही पुष्कळदा लंगडाच राहते, कारण तो त्याच मुळावर उभा असते.

'सगळे ड्रायव्हर एका क्लिकमध्ये' वाले प्रोग्राम टाकू नका. कॅमेरा तर येत नाहीच, वरून जाहिराती अन् दुसऱ्याच मॉडेलचे ड्रायव्हर येऊन बसतात, मंग साउंडही जाते.

कोड १० किंवा ४३ असंल तर डिव्हाइस अनइन्स्टॉल करून वरच्या मेनूतून 'स्कॅन फॉर हार्डवेअर चेंजेस' करा. तरी तोच कोड आला तर हार्डवेअरवर संशय घ्यायला जागा आहे.

अन् अगदी नव्या, महागाच्या काही लॅपटॉपमध्ये कॅमेरा यूएसबीवर नसून थेट प्रोसेसरच्या इमेजिंग भागाला जोडलेला असते. त्याला कंपनीचाच ड्रायव्हर लागते, साध्या यादीतला चालत नाही. आपल्या भागात असे लॅपटॉप कमी येतात, पण आला तर डोकं फोडत बसू नका.

एक बारकावा राहिला. रनमध्ये विनव्हर (winver) टाका, आवृत्तीच्या नावात शेवटी सुटा 'एन' असंल, म्हणजे प्रो एन, होम एन असं, तर ती युरोपसाठी काढलेली विंडोज आहे, तिच्यात मीडियाचे भाग नसतात अन् त्याच्याशिवाय कॅमेरा अ‍ॅप चालत नाही. सेटिंग्जमध्ये ऑप्शनल फीचर्समधून 'मीडिया फीचर पॅक' टाका अन् रीस्टार्ट करा. आयएसओ उतरवताना यादीत पहिलं दिसलं ते घेतलं की असं होते.

पेन ड्राइव्हची परीक्षा

आतापर्यंत काही झालं नसंल तर आता अंदाज बंद. हार्डवेअर की विंडोज, हा निकाल पेन ड्राइव्ह लावते. आठ जीबीचा रिकामा पेन ड्राइव्ह घ्या, त्याच्यावर रुफस (पेन ड्राइव्हवरून मशीन सुरू होईल असा तो तयार करणारा प्रोग्राम) वापरून लिनक्स मिंट (विंडोजऐवजी चालणारी फुकटची सिस्टम) टाका. फाइल तीन जीबीच्या आसपास आहे, गावात नेट अडकत असंल तर तालुक्याला कोणाच्या वायफायवर उतरवून आणा. पेन ड्राइव्हवरचं सगळं पुसल्या जाते हे ध्यानात ठेवा, लग्नाचे फोटो असलेला पेन ड्राइव्ह घेऊ नका.

लॅपटॉप त्या पेन ड्राइव्हवरून सुरू करा. डेस्कटॉप येते, पण हार्ड डिस्कवर काही टाकल्या जात नाही, फक्त 'इन्स्टॉल' वर क्लिक करायचं नाही. ब्राउझर उघडून कॅमेरा पाहा. लिनक्सच्या कर्नलमध्ये (गाभ्यात) ह्याच प्रकारच्या कॅमेऱ्यांचा ड्रायव्हर २००८ पासून आहे, म्हणून वेगळं काही टाकावं लागत नाही.

इथं कॅमेरा चालला, तर कॅमेरा ठणठणीत आहे अन् दोष शंभर टक्के विंडोजकडे. इथंही दिसला नाही, तर बायोस नाहीतर वायर. नव्या थेट जोडणीवाल्या लॅपटॉपले हा नियम लागू नाही, ते लिनक्समध्येही कटकट करतात.

सावधान एका गोष्टीची: लॅपटॉपमध्ये बिटलॉकर (डिस्कवरचा डेटा कुलूपबंद ठेवणारी विंडोजची सोय) चालू असंल तर पेन ड्राइव्हवरून सुरू करायला बायोसमधली सिक्युअर बूटसारखी सेटिंग हलवल्यावर पुढच्या वेळी ४८ आकडी रिकव्हरी की मागू शकते. ती की तुमच्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटवर आहे का हे आधी पाहा. नसंल तर बायोसला हात लावू नका, इथंच थांबा. कॅमेऱ्यापायी सगळा डेटा जाणं परवडत नाही.

बायोस

नागपूरहून येणारे सेकंडहँड लॅपटॉप पुष्कळ करून मोठ्या कंपन्यांच्या ऑफिसमधून निघालेले असतात, अन् त्यात कधी कधी कॅमेरा बायोसमधूनच बंद केलेला असते. विंडोजनं किती डोकं आपटलं तरी दिसत नाही. थिंकपॅडमध्ये सिक्युरिटीच्या खाली 'आय-ओ पोर्ट अ‍ॅक्सेस' मध्ये 'इंटिग्रेटेड कॅमेरा' असते, बाकी कंपन्यांत कॅमेरा किंवा बिल्ट-इन डिव्हाइस अशा नावाखाली शोधा. चालू करा, सेव्ह करून बाहेर पडा. बायोसला पासवर्ड असंल तर ज्याच्याकडून घेतला त्याला विचारा, तुक्के मारत बसू नका, काही मशीन लॉक होऊन जातात.

विंडोजची दुरुस्ती

पेन ड्राइव्हवर कॅमेरा चालला अन् विंडोजवर नाहीच, तर लोक सिस्टम फाइल चेकर अन् डिस्म ह्या विंडोजच्या फाइल दुरुस्त करायच्या कमांड चालवतात. साध्या विंडोजवर ते बरोबर आहे. काटछाट केलेल्या विंडोजवर डिस्म बहुतेक वेळा 'सोर्स फाइल सापडल्या नाहीत' म्हणून थांबते, कोडच्या शेवटी ०८१एफ असते. कारण दुरुस्तीचं सामान ज्या फोल्डरात असते तेच जागा वाचवायला काढून टाकलेलं आहे. परत परत चालवून त्यात फरक पडत नाही.

मंग दोन रस्ते. पहिला, मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून त्याच भाषेची अन् त्याच आवृत्तीची ओरिजनल आयएसओ उतरवायची, चालू विंडोजमध्येच ती उघडून सेटअप चालवायचं अन् 'फाइल्स अन् अ‍ॅप्स ठेवा' निवडायचं. वीसेक जीबी जागा मोकळी ठेवा. लाइट विंडोजवर हा पर्याय काही वेळा दाबल्याच जात नाही, तेव्हा दुसरा रस्ता: डेटा बाहेरच्या डिस्कवर काढा अन् ओरिजनल विंडोज नव्यानं मारा. ज्या मशीनवर आधी अस्सल विंडोज अ‍ॅक्टिव्हेट होती, तिथं लायसन्स मदरबोर्डशी जोडलेलं असते, तीच आवृत्ती मारली की नेट लावल्यावर आपोआप होते.

हे काम लाइनीचा भरोसा असंल तेव्हाच काढा. जुन्या लॅपटॉपची बॅटरी पाच मिनिटं टिकत नाही, अर्ध्या सेटअपमध्ये लाइन गेली की कॅमेऱ्याचं राहू द्या, विंडोजच उठत नाही. इन्व्हर्टरवर लावा, नाहीतर दुकानात द्या.

मशीन परत हळू होईल म्हणून तक्रार येते. तर बापा, हार्ड डिस्क काढून एसएसडी टाका, रॅम चार जीबीची आठ करा. काटछाटीनं जेवढा वेग येते त्याच्यापेक्षा एसएसडीनं जास्त येते अन् कॅमेरा, प्रिंटर, अपडेट सगळं जागेवर राहते. अन् कोणीतरी अनोळखी माणसानं कापून नेटवर टाकलेल्या विंडोजवर बँकेचं काम करू नका, त्यानं काय काढलं ते समजते, काय घातलं ते समजत नाही.

शाळेच्या लॅबमधल्या मशीनवर हलकं लिनक्स टाकून त्यात कोणी कर्नल स्वतः बनवला असंल अन् कॅमेरा गेला असंल, तर दोनच गोष्टी: यूव्हीसी-व्हिडिओ मॉड्यूल (यूएसबी कॅमेऱ्याचा ड्रायव्हर) कर्नलमध्ये घेतलं होतं का, अन् वापरणारा 'व्हिडिओ' ग्रुपमध्ये (कॅमेऱ्याची परवानगी असलेल्यांच्या यादीत) आहे का.

इथं हात जोडा अन् दुकानात जा

पेन ड्राइव्हवरही कॅमेरा नाही अन् बायोसमध्ये चालू आहे. स्क्रीन हलवल्यावर येते-जाते. लॅपटॉप पडला होता, पाणी सांडलं होतं. बिजागरी कडक झाली अन् स्क्रीनच्या कडा उचकटून राहिल्या. टचपॅड वर आलं किंवा खालचं झाकण फुगलं, म्हणजे बॅटरी फुगली, तेव्हा तर चार्जर काढून मशीन बंद करा, कॅमेऱ्याचं नंतर. ह्यातलं काहीही असंल तर घरी स्क्रू काढू नका. स्क्रीनची चौकट नव्या मॉडेलमध्ये चिटकवलेली असते, नखानं उचकली की पॅनलला तडा जाते, अन् कॅमेऱ्याची वायर शेकड्यात येते तर पॅनल हजारात. आधार नाहीतर बँकेच्या कामाचं किऑस्क असंल तर त्याचं सॉफ्टवेअर अन् उपकरण नोंदवलेलं असते, तिथं यातलं काहीच करू नका, ज्यांनी बसवून दिलं त्यांनाच बोलवा.

इंटरव्ह्यू उद्याच असंल तर दुरुस्ती नंतर, आज हजार-बाराशेचा यूएसबी वेबकॅम नाहीतर मोबाइल. फक्त वेबकॅम घ्यायच्या आधी दुसऱ्या कोणाचा लावून पाहा, विंडोजमधून यूएसबी व्हिडिओ ड्रायव्हर कापलेला असंल तर नवा वेबकॅमही दिसणार नाही.

दुकानात याल तेव्हा कागदावर लिहून आणजा: विंडोज कोणती, कोणी मारली, कोणतं स्क्रिप्ट चालवलं, डिव्हाइस मॅनेजरमधला कोड काय, अन् पेन ड्राइव्हवर कॅमेरा चालला की नाही. एवढं असलं की आम्हाला पहिल्यापासून सुरू करावं लागत नाही अन् तुमचे पैसे लागले तेवढ्याच कामाचे लागतात. लॅपटॉपचा पासवर्ड सांगून ठेवजा, अन् चार्जर सोबत आणजा, अर्धे लोक आणत नाहीत.